सायकल अलार्म: नुसती थाप मारून बघणं पुरेसं नाही

एकाने विचारलंय की पाकिटावर ११० डेसिबल लिहिलेला सायकल अलार्म घेतलाय, तर तपासायचा कसा. सीटवर एक थाप मारली, वाजला, म्हणजे झालं असं कृपया समजू नका. चोर थाप मारत नाही, सायकल अलगद उचलतो.

मी माझ्या अलार्मवर हेच करून पाहिलं. मागचं चाक धरून सायकल अगदी सावकाश तिरपी केली, तर अलार्म गप्पच! आत फक्त कंपन ओळखणारा सेन्सर होता, त्याला झटका लागतो. अ‍ॅक्सेलरोमीटर (हालचाल आणि कल मोजणारा सेन्सर) असलेले अलार्म कलणंही ओळखू शकतात. मग कुलपावर कानस घासली, तरी शांतता. अलार्म आणि फ्रेमच्या मध्ये मऊ रबराची जाड पट्टी होती, तीच कंपनं गिळत होती. ती काढून अलार्म घट्ट आवळला, आणि दुसऱ्या घासण्यालाच तो ठणाणा करायला लागला.

आवाजाचा आकडा किती अंतरावरचा आहे तेही बघा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल घटतात. १ मीटरवरचे ११० हे ८ मीटरवर ९२ होतात. खिडकी लावून आत बसा, कुणाला तरी वाजवायला सांगा आणि ऐकू येतो का ते बघा.

संवेदनशीलता एकदम वर नको. शेजारची सायकल काढतानाही वाजायला लागला, तर लोक लक्ष देणं सोडतात.

तुम्ही तो सीटखाली लावलाय की फ्रेमच्या नळीवर?