मदत हवी आहे: माझ्या आलेखात जर्नल कोसळतंय. खरंच कोसळतंय का?

नमस्कार मंडळी,

ऐरोलीतल्या एका विनाअनुदानित कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते. सोबत एम.लिब.चं डेझर्टेशन चालू आहे. विषय मीच हौसेने मागून घेतला: 'जर्नल ऑफ अप्लाइड स्टॅटिस्टिक्स' या नियतकालिकाचा संशोधनावरचा प्रभाव आणि त्यातल्या प्रकाशनाचे कल. तेव्हा वाटलं, आकडे उतरवायचे, आलेख काढायचे, बाइंडिंगला द्यायचं. बारावीनंतर संख्याशास्त्राशी माझा संबंध तुटलाय, हे तेव्हा आठवलं नाही.

आमचं कॉलेज 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या जर्नल-वर्गणी योजनेत बसत नाही. स्कोपस नाही, वेब ऑफ सायन्स तर नाहीच (दोन्ही लेखांच्या हवाल्यांचे विकतचे डेटाबेस). म्हणून तशीच नोंद ठेवणारं फुकटचं ओपनअ‍ॅलेक्स घेतलं, नियतकालिकाच्या नावात 'अप्लाइड स्टॅटिस्टिक्स' असेल ते सगळं उतरवलं आणि आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वर्षीच्या लेखांना आजवर मिळालेल्या सायटेशनची, म्हणजे इतर लेखांनी दिलेल्या हवाल्यांची, सरासरी काढली. डेटा २०२५ अखेरपर्यंतचा आहे.

आलेखात दोन गोष्टी विचित्र दिसतात. १९७९ ला एक मनोरा उभा आहे, बाकी सगळं त्याच्यापुढे बुटकं. आणि २०२० नंतर रेघ जी खाली येते ती येतच राहते. गाईड म्हणतात, "जर्नल घसरलंय हे स्पष्ट आहे, तसा निष्कर्ष लिही आणि इम्पॅक्ट फॅक्टरचा आलेख जोड." (इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलच्या अलीकडच्या लेखांना सरासरी किती हवाले मिळतात त्याचा आकडा.) मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही ते सांगता येत नाहीये. तीन आठवड्यांनी व्हायवा आहे. जाणकारांनी कृपया हात द्यावा.

कोपरखैरणेवाला:
ताई, आधी मनोरा. १९७९ मधला सगळ्यात जास्त सायटेशनवाला लेख कोणता, ते बघून सांगा. माझा अंदाज आहे, पण तुम्हीच बघा.

धागाकर्ती:
बघितलं. हार्टिगन आणि वाँग, के-मीन्स क्लस्टरिंगचा (डेटाचे सारखेपणावरून गट पाडायच्या पद्धतीचा) अल्गोरिदम. जेमतेम काही पानांचा लेख आहे हो!

कोपरखैरणेवाला:
वाटलंच. तो तुमच्या जर्नलचा नाहीच. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या जर्नलची 'सिरीज सी' आहे, १९५२ पासूनची, तिचंच नाव 'अप्लाइड स्टॅटिस्टिक्स'. त्यात १९६८ ते १९९७ अल्गोरिदमचा वेगळा विभाग छापत, आणि हा त्यातला एएस १३६ क्रमांकाचा. आरमध्ये के-मीन्स चालवलं की न सांगता हाच अल्गोरिदम वापरला जातो, त्यामुळे जगात कुणीही गट पाडायला बसला की याचा हवाला देतो. मी महापेला डेटाचंच काम करतो, मीही दिलाय, न वाचता. (कबुली.)

तुमच्या फाईलमध्ये कॅसचा १९८० चा वर्गीकरणावरचा लेख आणि रॉयस्टनचा १९८२ चा शॅपिरो-विल्क चाचणीवरचा (डेटा प्रसामान्य वितरणाचा आहे का ते तपासणारी) लेखही निघेल. तेही सिरीज सीचे. शिवाय २००७ पासूनचं 'अ‍ॅनल्स ऑफ अप्लाइड स्टॅटिस्टिक्स' आलं असणार, ते तिसरंच, इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचं. नावावर जाऊ नका, आयएसएसएनवर (नियतकालिकाच्या ओळखक्रमांकावर) जा. तुमच्या छापील जर्नलचा ०२६६-४७६३.

आणि हो, तुमचं जर्नल १९७४ ला 'बुलेटिन इन अप्लाइड स्टॅटिस्टिक्स' या नावाने सुरू झालं. आजचं नाव १९८४ पासून, पण खंडक्रमांक न तोडता पुढे चालू ठेवले, म्हणून १९८४ चा खंड थेट अकरावा. प्रस्तावनेत हे एका ओळीत लिहा, नाहीतर परीक्षक 'पहिला खंड कुठाय' विचारत बसतील.

धागाकर्ती:
अरे देवा. म्हणजे तीन घरांची पत्रं मी एकाच पेटीत टाकली.

विरजण:
असल्या विषयांवर डेझर्टेशन करून नेमकं मिळतं काय? जर्नलची मोजदाद करण्यापेक्षा त्यातला एखादा लेख वाचला असता.

नौपाड्याचे मास्तर:
विरजणराव, तुम्ही म्हणता ते अगदीच चूक नाही, पण पोरीला व्हायवा द्यायचाय.

ताई, मी बत्तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, आता घरीच असतो. तुमची दुसरी शंका बरोबर आहे. तुमच्या ग्रंथालयात पुस्तकाला तारखांची चिठ्ठी असते ना? १९९५ साली दाखल झालेल्या पुस्तकाच्या चिठ्ठीवर शिक्क्यांची गर्दी असेल, मागच्या दिवाळीत आलेल्यावर दोन. त्यावरून नवी खरेदी वाईट, असा अहवाल द्याल का? २०२३ च्या लेखाला हवाले मिळवायला दोनच वर्षं मिळालीत. कुठल्याही जर्नलचा असा आलेख काढा, उजवीकडे उतार येणारच.

उपाय साधा आहे. प्रत्येक लेखाला सारखाच अवधी द्या: प्रकाशनाचं वर्ष आणि पुढची तीन. डेटा २०२५ पर्यंत आहे, म्हणजे २०२२ पर्यंतचेच लेख घ्यायचे. पुढच्या वर्षांचा निष्कर्ष काढायचाच नाही. आणि सरासरी नको, मध्यक (लेख हवाल्यांच्या क्रमाने लावल्यावर बरोबर मधला आकडा) घ्या. जोडीला एकही हवाला न मिळालेल्या लेखांचं प्रमाण. सायटेशनमध्ये एखादा हार्टिगन सगळ्या वर्गाची सरासरी वर नेतो, हे तुम्ही आत्ताच पाहिलंत.

कोपरखैरणेवाला:
मास्तरांच्या म्हणण्यात एक खड्डा आहे, तो सांगून ठेवतो. ओपनअ‍ॅलेक्स प्रत्येक लेखाचे वर्षनिहाय हवाले गेल्या दहाच वर्षांचे देतं. १९९० च्या लेखाची सुरुवातीची वर्षं त्यात मिळणार नाहीत. त्यासाठी त्याला उद्धृत करणारे लेख एकेक काढून त्यांची वर्षं मोजावी लागतील. तीन आठवड्यांत ते होणे नाही. २०१७ ते २०२२ एवढंच घ्या आणि मर्यादा उघड लिहा.

धागाकर्ती:
आणि इम्पॅक्ट फॅक्टर? गाईडना तो हवाच आहे.

नौपाड्याचे मास्तर:
द्या, पण व्याख्येसकट. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा मिळालेले हवाले, भागिले त्या दोन वर्षांतल्या लेखांची संख्या. संख्याशास्त्रात लेख सावकाश मुरतो, वीस-तीस वर्षं वापरात राहतो. दोन वर्षांच्या खिडकीतून त्याचं शेपूटही दिसत नाही. आलेखावर दोन टिपा हव्यात. २०२० च्या आकड्यापासून, अंकात यायच्या आधी ऑनलाइन आलेल्या लेखांतले हवालेही धरायला लागले, म्हणून त्या वर्षी बहुतेक सगळेच वर गेले. आणि २०२२ च्या आकड्यापासून एकच दशांश स्थळ छापतात. तीन स्थळांच्या जुन्या रेघेला ते जोडलं की नसलेल्या पायऱ्या दिसतात.

गाईडना दाखवायला एक भारदस्त आधार देतो. गणित आणि संख्याशास्त्राच्या तीन आंतरराष्ट्रीय संघटनांनी २००८ साली सायटेशनच्या आकडेवारीवर अहवाल काढला होता. अ‍ॅडलर, इविंग आणि टेलर लेखक. त्यांनी अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची दोन जर्नलं घेतली, एकाचा इम्पॅक्ट फॅक्टर दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट. दोन्हींतून एकेक लेख डोळे मिटून उचलला, तर कमी फॅक्टरवाल्याला निदान तेवढेच हवाले असण्याची शक्यता ६२ टक्के निघाली, कारण त्या खिडकीत दोन्हीकडच्या बहुतेक लेखांना शून्यच हवाले होते.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. रात्री जागून आयएसएसएनवरून डेटा परत उतरवला. मनोरा गेला. सारख्या अवधीची खिडकी लावल्यावर २०२० नंतरचा उतारही गेला. उरली ती थोडी वरखाली होणारी, कंटाळवाणी रेघ. आता गाईडना काय सांगू, 'घसरलंय' हे प्रकरणाचं शीर्षक त्यांनी आधीच ठरवलंय.

अजून एक: काही लेखांना दोन वर्षं दिसतात. ऑनलाइन २०२०, अंक २०२१. कुठलं धरू?

कोपरखैरणेवाला:
ऑनलाइनचं. लोकांना वाचायला तेव्हाच मिळाला. पण एकदा ठरवलं की सगळ्यांना तेच.

नौपाड्याचे मास्तर:
शीर्षकाचं असं करा: जुना आणि नवा, दोन्ही आलेख शेजारी शेजारी छापून गाईडकडे न्या आणि तारखांच्या चिठ्ठीचं उदाहरण सांगा. ग्रंथालयशास्त्राचे आहेत ना? शिक्के त्यांनीही मारले असतील.