मदत हवी आहे : अमेरिकेत जन्मलेल्या पणजीबाई १९१८ मध्ये 'शत्रुदेशीय' कशा ठरल्या?

शिशिर_कॅन्सस : पत्नीच्या पणजीबाईंचा नोंदणी-अर्ज सापडला आहे. त्यावर छायाचित्र व बोटांचे ठसे आहेत, आणि त्यांची गणना शत्रुदेशीय परकीयांत केली आहे. त्यांचा जन्म कॅन्ससमधलाच. जर्मनीत त्यांनी कधी पाऊलही ठेवले नव्हते. सासूबाई हा कागद पाहिल्यापासून अस्वस्थ आहेत आणि मी रविवारी त्यांना भेटणार आहे, म्हणून उत्तर लवकर हवे. ही कारकुनी चूक आहे का?

अरुंधती : अर्ज कोणत्या महिन्याचा आहे? यजमान कोठले होते?

माधवराव : चूक नसावी. ६ एप्रिल १९१७ रोजी युद्ध पुकारताच अध्यक्ष विल्सन यांनी १७९८ च्या कायद्याच्या आधारे, नागरिकत्व न घेतलेल्या १४ वर्षांवरील जर्मन पुरुषांवर निर्बंध घातले. त्यांना बंदूक बाळगता येत नव्हती आणि शस्त्रागारांच्या अर्ध्या मैलाच्या आत फिरकता येत नव्हते.

शिशिर_कॅन्सस : मी पुरुषांविषयी विचारलेले नाही. अर्ज जूनचा आहे. यजमान हॅम्बुर्गहून आले होते आणि त्यांनी नागरिकत्वासाठी पहिला अर्ज दिला होता. हे लिहायचे राहिले.

अरुंधती : मग उत्तर त्यातच आहे. १९०७ च्या कायद्याने परकीयाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व जाऊन तिला पतीचे राष्ट्रीयत्व लागत असे. पहिला अर्ज म्हणजे केवळ इच्छेची नोंद, त्यामुळे यजमान जर्मनच राहिले आणि त्यांच्यामुळे पणजीबाईही. एप्रिल १९१८ मध्ये निर्बंध स्त्रियांना लागू झाले व १७ ते २६ जून या काळात त्यांची नोंदणी झाली. जन्मभूमीतच बोटांचे ठसे द्यावे लागणे हा घोर अन्याय होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवाकर : पहिल्या महायुद्धात अहमदनगरलाही जर्मन नागरिकांना स्थानबद्ध केले होते. तेथील कागद अवश्य पाहावेत.

माधवराव : दिवाकरराव, येथे प्रश्न नोंदणीचा आहे, स्थानबद्धतेचा नाही. अमेरिकेत त्यासाठी जॉर्जियातील फोर्ट ओग्लथॉर्पसारख्या छावण्या होत्या. बॉस्टनचे वाद्यवृंद-संचालक कार्ल मुक तेथेच होते. नोंदणी झालेले बहुसंख्य लोक घरीच राहिले.

शिशिर_कॅन्सस : मग नागरिकत्व परत केव्हा मिळाले?

अरुंधती : सप्टेंबर १९२२ च्या कायद्याने लग्नामुळे नागरिकत्व जाणे बऱ्याच अंशी थांबले, पण आधी गेलेले आपोआप परत आले नाही. यजमान त्याआधीच नागरिक झाले असतील तर त्याही झाल्या. नसतील तर त्यांना स्वतंत्र अर्ज करावा लागला असणार. यजमानांचा दुसरा अर्ज मिळाला आहे का?

शिशिर_कॅन्सस : नाही. उद्याच कौंटी न्यायालयाच्या नोंदी पाहतो.