मदत हवी आहे: डिस्कवर भरपूर जागा, तरी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’

पिंपळगाव बसवंतजवळच्या द्राक्षांच्या पॅकहाउसचा सर्व्हर मी नाशिकहून सांभाळतो. उबंटू 22.04, एकच 500 जीबीची डिस्क, ईएक्सटी4 फाइल सिस्टीम, मायएसक्यूएल डेटाबेस. आठवड्यातून दोन-तीनदा, बहुधा दुपारी, वरचा, म्हणजे डिस्कवर जागा उरली नसल्याचा, एरर येतो, पेट्यांची लेबलं छापणं थांबतं आणि पाच-दहा मिनिटांत सगळं आपोआप सुरळीत होतं. तोवर भरलेल्या पेट्या प्रीकूलिंगबाहेर (द्राक्षं आधी थंड करतात त्या खोलीबाहेर) ताटकळतात, म्हणून जीव कासावीस होतो.

‘डीएफ -एच’ डिस्कची 61 टक्के जागा वापरलेली दाखवतं, ‘डीएफ -आय’ 18 टक्के आयनोड (फाइलींच्या नोंदींच्या जागा). कोटा (युजरवर जागेची मर्यादा) लावलेला नाही, ‘टीएमपी’ हे तात्पुरत्या फाइलींचं फोल्डरही त्याच पार्टिशनवर आहे. उघड्या फाइल दाखवणाऱ्या ‘एलएसओएफ +एल1’ मध्ये डिलीट होऊनही उघडी राहिलेली 3 जीबीची लॉग फाइल सापडली होती. जुने लॉग काढणारं लॉगरोटेट दुरुस्त केलं, पण एरर गेला नाही. ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या संदेशांत) काही नाही. क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारी सोय) दर 15 मिनिटांनी डीएफ नोंदवतो, त्यात एकदाही उडी दिसली नाही. कदाचित दोन नोंदींच्या मधेच घडून जात असेल.

माझा संशय दुपारच्या स्टॉक रिपोर्टवर आहे. मायएसक्यूएलच्या टेंपररी फाइल उघडताक्षणीच अनलिंक होतात (नाव पुसलं जातं, जागा मात्र अडलेली राहते), त्यामुळे त्या फोल्डरनिहाय जागा मोजणाऱ्या ‘डीयू’त दिसत नाहीत. पण काही मिनिटांत जवळपास 200 जीबी भरेल का, हे पटत नाही.

रूट ॲक्सेस आहे. हंगाम चालू असल्याने दिवसा रीस्टार्ट करता येत नाही, नवी डिस्कही आत्ता शक्य नाही.

एरर येतो त्याच क्षणी कोणती प्रोसेस कुठे लिहीत होती, हे सर्व्हरवर फार ताण न देता कसं पकडायचं? आणि डीएफमध्ये जागा असताना ईएक्सटी4 हा एरर आणखी कोणत्या कारणाने देतं?