मदत हवी आहे: बॅटरी नवी, तरी सकाळी सेल्फ उचलत नाही

सावदा_केळीगाडी
डिझेल पिकअप, १२ व्होल्ट, ८० एएचची पाण्याची बॅटरी. डायनामोच्या (अल्टरनेटर) पाठीमागे व्हॅक्यूम पंप. रात्री केळी भरून सावद्याहून जळगाव, कधी पुढे धुळे, त्यामुळे हेडलाइट जवळपास सगळा वेळ चालू. बॅटरी नवी टाकली तरी सकाळी सेल्फ जड फिरतो.
रात्रभर उभ्या गाडीत: १२.१ व्होल्ट
इंजिन चालू, बाकी सगळं बंद: बॅटरीवर १३.९
हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर: १२.८
अंधारात मीटरमधला बॅटरीचा लाल दिवा एकदम मंद पेटलेला दिसतो, लोड (हेडलाइट, ब्लोअर) काढला की जातो. मेकॅनिक म्हणतो डायनामो बदला. बदलू का?

अमळनेर_वायरिंग
थांबा भाऊ, पैसे खिशात ठेवा. तुम्ही फक्त बॅटरीवर मोजलंय. डायनामो आणि बॅटरीच्या मधे जाड वायर, थिंबल (वायरच्या टोकाचा धातूचा कान), मेन फ्यूज आणि अर्थची पट्टी आहे, व्होल्ट कुठेही अडू शकतो.

इंजिन साधारण १५०० आरपीएमवर धरा, हेडलाइट हाय बीमवर, ब्लोअर फुल. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर. मग तीन मापं:
१. डायनामोचा बी प्लस नट (जाड चार्जिंग वायर बसते तो) ते डायनामोची बॉडी.
२. मीटरची लाल वायर बी प्लस नटवर, काळी बॅटरीच्या प्लस खुंटावर. थिंबलवर नको, शिशाच्या खुंटावरच टेकवा. ०.३ च्या आत हवं.
३. एक टोक बॅटरीच्या मायनस खुंटावर, दुसरं डायनामोच्या बॉडीवर. ०.२ च्या आत.

लोड न लावता ही मापं घेण्यात अर्थ नाही. करंटच नसला तर सडलेलं थिंबलही शून्य दाखवतं.

आणि गाडी चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढून ‘डायनामो चालतो का’ बघायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. ती कुणालाही करू देऊ नका. टर्मिनल निघताच व्होल्टेज उसळतं आणि चांगला रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा), डायोड (एसीचं डीसी करणारे), नशीब वाईट असेल तर ईसीयूसुद्धा (इंजिनचा कॉम्प्युटर) जातो.

भुसावळ_डिझेल
वरच्याला जोड. बेल्ट बघा, लांब बाजूच्या मधे अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० मिमी दबायला हवा. घसरणारा बेल्ट आतून काचेसारखा चकचकीत होतो.
डायोडची शंका असेल तर बी प्लसवर मीटर एसीला लावा. ०.५ व्होल्टच्या वर एसी आलं तर डायोड प्लेट गेली. फक्त स्वस्त पिवळे मीटर एसीवर डीसीचाच भलता आकडा दाखवतात. आधी बंद गाडीच्या बॅटरीवर लावा, तिथे शून्य येत नसेल तर त्या मीटरचं एसी विसरा.
मे महिन्याच्या दुपारी बिनलोड १३.६-१३.७ दिसलं तर घाबरू नका. बरेच रेग्युलेटर गरम झाल्यावर व्होल्टेज मुद्दाम उतरवतात, नाहीतर आपल्या ४५ अंशांत बॅटरीचं पाणी उकळून जाईल.

सावदा_केळीगाडी
मापं घेतली. पहिलं १४.२. दुसरं १.३. तिसरं ०.०८. एसी ०.०६. बेल्ट ठीक.

अमळनेर_वायरिंग
डायनामो ठणठणीत आहे भो. १४.२ बनतंय आणि १.३ प्लसच्या वाटेत जातंय.

लाल दिव्याचं कारणही हेच. त्या दिव्याचं एक टोक इग्निशनमधून बॅटरीवर आणि दुसरं डायनामोच्या एल पिनवर असतं. दोन्हीकडे सारखं व्होल्टेज असलं की दिवा विझतो. तुमच्याकडे एका टोकाला १४.२ च्या आसपास, दुसऱ्याला १२.८, म्हणून उलट्या दिशेने थोडा करंट जाऊन तो मंद पेटतो. लोड वाढला की फरक वाढतो.

आता तोच लोड लावून प्लसची वाट तुकड्या-तुकड्याने मोजा: बी प्लस नट ते वायरचं थिंबल, थिंबल ते मेन फ्यूजचा अलीकडचा बोल्ट, फ्यूजच्या दोन बोल्टांमधे, तिथून बॅटरी. जिथे १ व्होल्टच्या वर दिसेल तोच सांधा. बहुतेक वेळा मेन फ्यूजचा बोल्ट किंवा त्याच्या थिंबलचा दाबलेला भाग निघतो. २५ अँपिअर जाताना १.३ व्होल्ट अडला तर त्या सांध्यात ३० वॅटच्या वर उष्णता होते, म्हणजे छोटं सोल्डरिंग आयर्न तिथे सतत लावून ठेवल्यासारखं. प्लास्टिक तपकिरी झालेलं दिसेल.

काम करताना बॅटरीचा मायनस आधी काढा, जोडताना शेवटी. बी प्लस कायम जिवंत असतो, पाना बॉडीला टेकला तर ठिणगी नाही, वेल्डिंग होतं. थिंबलमधली तार हिरवी-काळी असेल तर तेवढा भाग कापून नवं थिंबल प्रेसने दाबून घ्या, हातोडीने चेपलेलं परत सैल होतं. वायर बदलायचीच झाली तर १६ चौरस मिमी तांब्याची. फ्यूज त्याच अँपिअरचा. तारेचा तुकडा लावून ‘जुगाड’ केला तर पुढचा शॉर्ट सगळं हार्नेस (गाडीचं वायरिंग) जाळेल.

भुसावळ_डिझेल
सांधा दुरुस्त झाला तरी बॅटरी लगेच बरी होणार नाही. १२.१ म्हणजे निम्म्याच्याही खाली, तशीच फिरवत राहिलात तर प्लेटवर सल्फेट धरतं. ती बाहेर काढून ८ अँपिअरवर १०-१२ तास चार्जिंगला लावा, झाकणं उघडी, जवळ बिडी-काडी नको. काही तास थांबून हायड्रोमीटर (आम्लाची घनता मोजायची नळी) लावा: प्रत्येक खान्यात १.२५० च्या वर हवं. एखादा खाना बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तो गेला. पाणी फक्त डिस्टिल्ड, प्लेटच्या १० मिमी वर. आरओचं किंवा बोअरचं नाही.

सावदा_केळीगाडी
मेन फ्यूजचा बोल्टच निघाला, खालचं प्लास्टिक वितळलेलं. फ्यूज, थिंबल दोन्ही नवे. आता प्लसवर ०.१८, लोडवर बॅटरीला १३.९. दिवा गेला. डायनामोच्या मागे थोडं तेल दिसतंय, चालेल?

अमळनेर_वायरिंग
नाही चालणार. व्हॅक्यूम पंपाचं सील गळतंय. तेल कार्बनवर (ब्रश) आणि स्लिप रिंगवर (ते ज्यावर घासतात ती कडी) गेलं की चार्जिंग बंद पडेल. सील आणि तेलाच्या पाइपचे वॉशर बदला. डायनामो उघडलाच आहे तर कार्बन मोजा, ५ मिमीच्या खाली असतील तर तेही. परत बसवल्यावर गाडी हलवण्याआधी इंजिन चालू करून ब्रेक पेडल दाबून बघा, ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम याच पंपातून येतो.