मदत हवी आहे: गणपतीतल्या गोळ्या बंद केल्या, पण जाऊबाईंची पाळी थांबत नाहीये

आम्ही देवगड तालुक्यातले. जाऊबाईंचं वय 47. गणपतीत 'अडचण' नको म्हणून दरवर्षी घरातली कुणीतरी मेडिकलमधून गोळ्या आणते, यंदा त्यांनी घेतल्या. विसर्जनानंतर बंद केल्या, दोन-तीन दिवसांत पाळी आली, ती पंधरवडा उलटला तरी चालूच. गाठी पडतात. पॅडवर जुन्या साडीची घडी ठेवतात, तरी रात्री चादर भरते. काल नारळ खवून उठताना त्यांनी भिंत धरली. खालची पापणी ओढून बघितली तर पांढरीफटक.

त्याआधीही वर्षभर पाळीचं काही खरं नव्हतं. कधी वीस दिवसांत, कधी दोन-दोन महिने पत्ता नाही.

सासूबाई म्हणतात, "ह्या वयात असांच होता गो." शेजारच्या काकी आमसुलाचं पाणी द्यायला सांगतात. एक नातलग तर म्हणाले, पिशवीच काढून टाका. मला यातलं काहीच पटत नाहीये. अजून वाट बघावी का? तपासण्या काय करतात?

खाडीपलीकडची:
वाट बघू नका ताई. मी आरोग्यसेविका आहे. त्या गोळ्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत पाळी येते, तिथपर्यंत ठीक. पण पाळी आठ दिवसांच्या वर गेली की ती नेहमीची नव्हे, आणि इथे चक्करही आहे. उद्याच स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. तोवर दर तासाला पॅड भिजायला लागलं आणि असं दोन-तीन तास चाललं, किंवा छातीत धडधड, दम लागणं, शुद्ध हरपणं असं काही झालं, तर रात्र असली तरी 108 ला फोन करा.

आधी लघवीची गरोदरपणाची तपासणी करतील. हसू नका, 47 व्या वर्षीही करतात आणि करायलाच हवी. मग हिमोग्लोबिन (बाराच्या खाली म्हणजे रक्त कमी), थायरॉइड, सोनोग्राफी. फायब्रॉइड (पिशवीतली साधी गाठ) किंवा पॉलिप (अस्तरावरची लोंबती वाढ) असेल तर बहुतेकदा त्यात दिसतो. पंचेचाळिशीनंतर असा रक्तस्राव असला की पिशवीच्या अस्तराचा तुकडाही तपासायला घेतात. ते ऐकून घाबरू नका. कॅन्सर नाही ना, एवढी खात्री त्यातून करून घेतात.

आमसुलाने रक्त थांबत नाही. पिशवी काढणं ही पहिली पायरी नव्हेच, आधी कारण कळू दे. गोळ्यांनी किंवा हार्मोनच्या लूपने (पिशवीत बसवतात ते छोटं साधन) पुष्कळ जणींचं भागतं.

त्या गोळ्यांचं रिकामं पाकीट डॉक्टरांना दाखवा, लपवू नका. बीपीच्या किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. आणि पुढच्या वर्षी मेडिकलमधून परस्पर नकोत. पायात रक्ताची गुठळी झालेल्या बाईला त्या धोक्याच्या ठरू शकतात.

सड्यावरची:
थोडं विषयांतर. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक डाग जरी दिसला तरी दाखवायचं असतं. आमच्या मावशीने "उष्णता झाली" म्हणून महिनोन्महिने अंगावर काढलं.

धागाकर्ती:
आभार. बीपीची गोळी चालू आहे, पाकीटही सापडलं. त्या मात्र अडून बसल्यात, "चालू असताना कशी दाखवू, थांबल्यावर जाऊ."

खाडीपलीकडची:
चालू असतानाच न्यायचं. डॉक्टरांना रोजचंच आहे ते. बदलायचं पॅड आणि काळा परकर पिशवीत टाका, आणि खिडकीवर बाई बसलेली नसली तर नंबर लावताना तुम्हीच बोला.