चिपच्या कोर्ससाठी लाखभर रुपये भरावेत का?

वारणाकाठ
पुतणी सांगलीत ईएनटीसी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. गुजरातेत धोलेरा-साणंदला होणाऱ्या चिप कारखान्यांच्या बातम्या वाचून घरातले सगळेच चिपतज्ज्ञ झालेत. पुण्यातला एक क्लास तीन महिन्यांचा 'सेमीकंडक्टर कोर्स' देतोय. फी लाखाच्या घरात, प्लेसमेंट म्हणे शंभर टक्के. आधी हा करावा की थेट डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला घालावं? दादा मला विचारतोय, मी इथे विचारतोय.

भट्टीवाला
क्लासवाल्यांना एवढंच विचारा, कुठल्या मशीनवर शिकवणार? लॅपटॉपवर म्हणाले तर तो डिझाइनचा कोर्स. वाईट नाही, पण ती कामं बंगळूर, हैदराबाद, नोएडा, पुण्यातली, आणि तिथे डिप्लोमावाल्याला सहसा दारातूनच परत पाठवतात. साणंदला मायक्रॉनचं काम जुळणी आणि चाचणीचं. वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या पातळ चकतीवर, चिप घडवणारा कारखाना म्हणजे फॅब, तो धोलेऱ्याचा, टाटा आणि तैवानच्या पीएसएमसीचा.

मी फॅबमध्ये प्रोसेसला आहे. एमटेकला पवईच्या आयआयटीतल्या नॅनोफॅब प्रयोगशाळेत होतो. सुरुवातीला काय शिकलो? वेफर धुवायला. अमोनिया, हायड्रोजन पेरॉक्साइड, पाणी, पंचाहत्तर अंशांच्या आसपास. मग हजार अंशांच्या भट्टीत वेफरवर ऑक्साइडचा थर वाढवायचा, वर ॲल्युमिनियमचे ठिपके, झाला चाचणीपुरता मॉस कपॅसिटर. त्याचा सी-व्ही, म्हणजे कपॅसिटन्स-व्होल्टेजचा, आलेख काढला की धुण्यातली हयगय चव्हाट्यावर येते. घामातल्या मिठाचं सोडियम जरी ऑक्साइडमध्ये शिरलं तरी अख्खा वक्र बाजूला सरकतो. गाइड ओरडायचे नाहीत, आलेख पुढे ढकलून चहाला जायचे. स्लाइड बघून ही शिस्त अंगात येत नाही हो.

डिप्लोमावाल्यांची खरी गरज मशीन चालू ठेवायला असते. व्हॅक्यूम पंप, गॅस लाइन, आरएफ जनरेटर. पुतणीला हात काळे करायला आवडतं का, ते आधी बघा.

खडूफळा
मी शिकवते. आमच्याकडे व्हीएलएसआयची, म्हणजे चिप डिझाइनची, नवी शाखा निघाली, जागा भरल्या, चिप बनवायला लागणारी धूळमुक्त क्लीनरूम मात्र नाही. तंत्रशिक्षण परिषदेने, एआयसीटीईने, २०२३ मध्ये आयसी (चिप) मॅन्युफॅक्चरिंगच्या डिप्लोमाचाही अभ्यासक्रम दिलाय, पण भट्टी कोण देणार? डिझाइनचं तसं नाही. केंद्र सरकारच्या चिप्स टू स्टार्टअप योजनेत ८५,००० जण तयार करायचेत. त्यात निवडलेल्या कॉलेजांना बंगळूरच्या सी-डॅकमधल्या चिप-इन केंद्रातून महागडी सॉफ्टवेअर मिळतात, आणि मुलांची डिझाइन्स मोहालीच्या एससीएल या सरकारी फॅबमध्ये १८० नॅनोमीटरवर बनतात (आकडा मोठा तेवढं तंत्र जुनं). चिप परत येईपर्यंत पोरं पास होऊन गेलेली असतात, ते सोडा.

भट्टीवाला
मॅडम, १८० ला नाकं मुरडणारे खूप भेटतात. धोलेऱ्यालाही २८ च्या खाली जायचं आत्ता ठरलेलं नाही, तिथे ११० पर्यंतची जुनी तंत्रंही असणार आहेत. तुम्ही आयनपला, म्हणजे नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या सरकारी प्रशिक्षण योजनेला, अर्ज करा. बंगळूरच्या आयआयएससी आणि पवईच्या आयआयटीच्या प्रयोगशाळा त्यातून बाहेरच्या शिक्षकांना, विद्यार्थ्यांना आत घेतात, आता आणखी काही आयआयटीही आहेत.

वारणाकाठ
क्लासला फोन केला. मशीनचं विचारल्यावर "सर, तुम्ही आधी डेमो लेक्चरला या" म्हणाले. पुतणीने मात्र कॉलेजचा बंद पडलेला ऑसिलोस्कोप उघडून चालू केलाय, हे मला आजच कळलं.

भट्टीवाला
मग लाख रुपये राहू द्या. साधी ईएनटीसी डिग्री घ्या, व्हीएलएसआयच्या पाटीसाठी लांबचं कॉलेज नको. तिसऱ्या वर्षापासून आयनपच्या कार्यशाळांवर लक्ष ठेवायला सांगा. आणि रात्रपाळीचं घरी आत्ताच बोलून घ्या, भट्ट्या दिवाळीतही विझवत नाहीत.