रेकॉर्डिंग चालू, पण रेषा सपाट: आधी इनपुट बघा

लिनक्सवर ऑडॅसिटीत (आवाज नोंदवण्याच्या प्रोग्राममध्ये) रेकॉर्डिंग सुरू होतं पण रेषा सपाटच राहते, स्पीकर मात्र नीट वाजतात, असं तुम्ही म्हणताय. मला वाटतं प्रोग्राम चुकीच्या इनपुटवरून आवाज घेतोय.

रेकॉर्डिंग चालू ठेवूनच पॅव्हूकंट्रोल (कोणता प्रोग्राम कुठून आवाज घेतो ते दाखवणारं साधन) उघडा. हे महत्त्वाचं, कारण त्यातल्या रेकॉर्डिंग टॅबमध्ये ऑडॅसिटी फक्त आवाज घेत असतानाच दिसते. तिच्यापुढे 'मॉनिटर ऑफ' ने सुरू होणारं नाव असेल, तर माइकऐवजी स्पीकरवर जे वाजतंय तेच नोंदलं जातंय. काहीच वाजत नसेल तर रेषा सपाटच येणार! तिथूनच माइक निवडा.

तरीही शांतता असेल तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (साउंड कार्डाच्या पातळ्या बदलण्याचं साधन) चालवा. एफ६ ने साउंड कार्ड निवडा, एफ४ ने कॅप्चरचे, म्हणजे आवाज आत घेण्याचे, पट्टे बघा. पट्ट्याखाली 'कॅप्चर' दिसत नसेल तर स्पेसबार दाबा. माइक बूस्ट (माइकचा आवाज आणखी मोठा करणारा पट्टा) बेतानेच वाढवा, त्याने खरखरही वाढते.

ब्लूटूथ हेडसेट असेल तर ए२डीपी प्रोफाइलमध्ये (फक्त चांगल्या दर्जाने ऐकण्याच्या पद्धतीत) त्याचा माइक मिळत नाही. हेडसेट प्रोफाइल घ्यावी लागते आणि ऐकू येणाऱ्या आवाजाचा दर्जा उतरतो. म्हणून रेकॉर्डिंगला मी वायरचा माइकच वापरतो.

पल्सऑडिओ (लिनक्सवर आवाज हाताळणारी जुनी प्रणाली) काढून पुन्हा बसवण्याचा सल्ला तुम्हाला मिळालाय, पण कृपया घाई करू नका. फेडोरा ३४ आणि उबंटू २२.१० या लिनक्स आवृत्त्यांपासून आवाजाचं काम मुळात पाइपवायर या नव्या प्रणालीकडे आहे. आधी पॅव्हूकंट्रोलमध्ये काय दिसतं ते कळवा.